रात्री कुणीतरी जागं लागतं

२०२५च्या ऑगस्टमधला एक रविवार. गणपती दहा दिवसांवर आलेले आणि आमच्या सोसायटीची मीटिंग खाली पार्किंगमध्ये भरलेली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये टीपॉयवर मिनिट्सची वही, लिफ्टशेजारी कुणाचा तरी ओला रेनकोट टपटपतोय. लिफ्टचं कंत्राट, टँकरचं बिल, गणपतीची वर्गणी हे विषय भराभर उरकले आणि मग 'आवारातील भटके कुत्रे' हा विषय निघाला. त्याच आठवड्यात दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आला होता. त्यामुळे मत प्रत्येकाकडे होतं आणि आवाजही चढलेले होते. खरं तर आमच्या आवारात कुत्रा एकच, भुऱ्या. त्याला रोज रात्री खायला कोण घालतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून रात्रपाळीच्या वॉचमनना गेटवरून बोलावून घेतलं. त्यांची ड्युटी संपून तास उलटला होता. निघायच्या बेतात होते, हातात डब्याची पिशवी. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. चेअरमननी विचारलं, "मामा, तुम्ही खायला घालता म्हणून तो इथून हलत नाही. कशाला घालता?" मामांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाले, "रात्री कुणीतरी जागं लागतं, साहेब."

कुणी काही बोललं नाही. सेक्रेटरींनी पान उलटलं.

ते वाक्य माझ्या पाठीच लागलं. भाजी निवडताना, बसच्या खिडकीशी बसलेली असताना, कुठेही. मनाच्या आरोग्याबद्दल आपल्याकडे हल्ली मोकळेपणाने बोललं जातं, आणि त्यात पाळीव प्राण्यांचा विषय हमखास निघतो. फोटोत सोफ्यावर लोळणारा लॅब्रॅडॉर असतो, नाहीतर मांडीवर केसाळ मांजर. त्या फोटोंबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर पाळावं, जीव लावावा. पण मुंबईत ज्यांना जनावराचा खराखुरा आधार असतो, त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे ते ठेवायला घरच नसतं. वॉचमन, फुटपाथवरचा चांभार, रात्रीचा टॅक्सीवाला, मच्छीबाजारातली कोळीण, टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर पथारी टाकलेली परगावची माणसं. मी एकदा तिथे मास्क लावलेली, डोक्यावरचे केस गेलेली एक मुलगी पाहिली होती. पार्ले-जीचा पुडा मांडीवर, एक बिस्किट स्वतःला, एक शेजारच्या कुत्र्याला, आणि एकीकडे त्याला दटावणं चाललेलं: "हळू खा, ठसका लागेल." तिची आई जरा लांब बसून बघत होती आणि त्या आईच्या चेहऱ्यावर बऱ्याच वेळाने आलेलं काहीतरी होतं. या सगळ्यांचं जनावर गल्लीचं असतं. त्याला लायसन नसतं, पट्टा असलाच तर कुणीतरी बांधलेली लाल नाडी. तरी ते त्यांचं असतं.

मामा धाराशिव जिल्ह्यातले. बायको, आई आणि दोन मुली गावी. इथे ठाण्यापुढे दिवा स्टेशनजवळ एका खोलीत पाचजण राहतात आणि पाळीप्रमाणे झोपतात. ड्युटी रात्री आठ ते सकाळी आठ. केबिनमध्ये एक खुर्ची, रजिस्टर, टॉर्च, भिंतीवर तुळजाभवानीचं कॅलेंडर, आणि तेव्हा तरी बंद पडलेला एक पंखा. येणारी-जाणारी माणसं गाडीची काच खाली न करता मान हलवतात. दिवसा खोलीवर जावं तर बाकीचे कामावर गेलेले किंवा झोपलेले. म्हणजे आठवड्यातले कितीतरी दिवस या माणसाचं कुणाशी धड चार वाक्यं बोलणं होत नाही. रात्री साडेदहाच्या सुमारास डबा उघडतो. भाकरी, बेसन, कधी ठेचा. मामा आधी एक भाकरी बाजूला काढतात. बेसन लागलेला भाग स्वतःकडे ठेवतात, कोरडा भाग चुरून पेपरवर घालतात, तिखट लागू नये म्हणून चुरताना दुसरा हात वापरतात. भुऱ्या तोवर दोन हातांवर बसलेला असतो. रंग ओल्या मातीचा, छाती पांढरी, डाव्या कानाच्या टोकाला नसबंदीची खाच. खाऊन झालं की तो जात नाही. केबिनच्या दाराला पाठ लावून आडवा होतो. अडीच वाजता मामा टॉर्च घेऊन फेरीला उठले की तो पुढे चालतो, पंपरूम, जनरेटर, मागची भिंत, परत गेट. मामा त्याच्याशी सगळा वेळ बोलत असतात. धाकटीच्या परीक्षेबद्दल, बोअरच्या पाण्याबद्दल, भावकीतल्या कज्ज्याबद्दल.

हे मला माहीत आहे, कारण मधल्या काळात माझी झोप उडाली होती. आई गेल्यानंतरचे ते महिने. रात्री दोनला टक्क जाग यायची, आणि छाती कुणीतरी मुठीत धरल्याची जाणीव व्हायची. डॉक्टरांकडे गेले, गोळ्या सुरू झाल्या. सकाळी ठरलेल्या वेळेला उठा, उन्हात चाला, दुपारी आडवं होऊ नका, असं सगळं त्यांनी नीट समजावलं. ते मी केलं. पण दोन ते चार हा पट्टा कुणाच्याच हातात नव्हता. घरात येरझाऱ्या घातल्या तर नवऱ्याची झोपमोड, म्हणून एका रात्री शाल घेऊन खाली उतरले. मामांनी काही विचारलं नाही. पार्किंगमधली एक खुर्ची उचलून आणली, पुसली आणि ठेवली. भुऱ्या उठला, माझ्या चपलेचा वास घेतला, एक गिरकी मारली आणि माझ्या पायाला टेकून बसला. टेकून म्हणजे अंगाचा सगळा भार टाकून. पावसात भिजून अर्धवट सुकलेल्या केसांचा तो उग्र वास, आणि पोटरीला कळणारी त्याच्या बरगड्यांची हालचाल. आत, बाहेर. आत, मग मध्येच एक लांब उसासा, मग बाहेर. माझा श्वास कधी त्याच्या बरोबरीने चालायला लागला ते मला कळलं नाही. माणसं काळजीपोटी विचारतात, "आता कसं वाटतंय?" आणि आपण त्यांना बरं वाटावं म्हणून "बरंय" म्हणतो. त्या प्रश्नाचं ओझं तिथे नव्हतं. भुऱ्यामुळे मी बरी झाले असं मी म्हणणार नाही. गोळ्या डॉक्टरांनी थांबवेपर्यंत घेतल्या आणि ज्यांना गरज आहे त्यांनी त्या घ्याव्यातच. पण तो पट्टा त्याने माझ्यासोबत काढला.

तिथे बसल्या बसल्याच मला अण्णांचा बोका आठवला.

अण्णा म्हणजे माझे वडील. लालबागच्या चाळीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, आणि अण्णा कापड मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यापुढचं वाचणाऱ्यांना सांगायला नको. मला, त्या वेळच्या लहान मुलीला, आठवतो तो भोंगा बंद झाल्यावरचा पहाटेचा आवाज, म्हणजे आवाज नसणं. अण्णा तरीही पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, शर्ट घालायचे आणि गॅलरीत स्टुलावर जाऊन बसायचे. सुरुवातीला मोर्चे होते, सभा होत्या, तेव्हा माणूस जिवंत होता. वर्ष उलटायला आलं तसे ते बोलेनासे झाले. खाली उतरायचे नाहीत, कारण नाक्यावर वाणी होता आणि वाण्याकडे उधारी होती. आईने खानावळीचे डबे सुरू केले होते. ती पहाटे चारपासून पोळपाटाशी असायची आणि अण्णा तिच्याकडे पाठ करून बसायचे. चाळीत अशी बरीच माणसं होती. कुणी दारूकडे वळलं, कुणी गावी निघून गेलं, कुणाचं त्याहून वाईट झालं. बायका आपापसात म्हणायच्या, "मनाला लावून घेतलंय त्यांनी." डॉक्टरकडे न्यावं असं हे काही आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बोका कुठून आला ते ठाऊक नाही. पट्ट्यापट्ट्यांचा, कान फाटलेला, अंगात नुसती मस्ती. चाळीतली मांजरं मजल्याची असतात, पण हा गॅलरीत अण्णांच्या स्टुलाखालीच येऊन बसायला लागला. अण्णांनी ताटातला भात दिला. त्याने हुंगून सोडला. त्याला मासे हवे होते आणि आमच्याकडे माशांना पैसे नव्हते. दोन-तीन दिवस हे चाललं. आणि मग जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे: अण्णांनी मोरीतून ॲल्युमिनियमचं एक चेपलेलं भांडं घेतलं, चपला घातल्या आणि ते जिना उतरले. वाण्यासमोरून चालत मच्छीबाजारात गेले. दुसऱ्या दिवशी मी मागे लागून गेले म्हणून पुढचं मी पाहिलं. ओटा धुतल्याचं पाणी पायाखालून वाहतंय, कोयतीचे खटाखट आवाज, आणि अण्णा खालमानेने भांडं पुढे करून उभे. कोळणीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मांजराला ना रं दादा? घेऊन जा, घेऊन जा." मुंड्या घातल्या, आतडी घातली, आणि त्यांच्याखाली दोन अख्खे बांगडे सरकवले. घरी आईने भांडं उपसलं, बांगडे पाहिले, काही बोलली नाही. त्या दिवशी आमच्याकडे कालवण झालं. नंतरही होत राहिलं. बोक्याच्या नावावर त्या बाईने आम्हाला किती मासे घातले असतील याचा हिशेब तिनेही ठेवला नाही. पण अण्णा रोज सकाळी बाहेर पडायला लागले. जायला ठिकाण होतं, नेमकी वेळ होती, आणि ते गेले नाहीत तर उपाशी राहणारा एक जीव होता.

साच्यांच्या आवाजाने अण्णांचे कान गेले होते. साचेवाल्यांचे जायचेच. ते स्वतः मोठ्याने बोलायचे आणि समोरच्याचे ओठ बघायचे. बोका घुरघुरतो हे आम्हा मुलांना ऐकू यायचं, अण्णांना नाही. एका संध्याकाळी तो त्यांच्या मांडीवर चढला, अण्णांनी त्याच्या पाठीवर तळहात ठेवला आणि एकदम ताठ झाले. हात उचलला, परत ठेवला. आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असे ओरडले, "अगं, हा चालू आहे!" आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. अण्णा हसत होते. मांजराच्या घुरघुरीची कंपनं सेकंदाला पंचविसाच्या आसपास सुरू होतात आणि ज्याला कानाने ऐकू येत नाही त्याच्याही तळहाताला ती कळतात, हे मी पुढे मोठेपणी वाचलं. अण्णांना ते वाचायची गरज नव्हती. साचा चालू असला की त्याच्या लाकडाला हात लावून तो कसा चालतोय हे सांगणारा माणूस तो. इतक्या महिन्यांनी त्याच्या हाताखाली पुन्हा काहीतरी सुरू होतं.

बोका एका पावसाळ्यात गेला तो आलाच नाही. अण्णांनी दोन दिवस ताटाला हात लावला नाही. शेजारी म्हणाले, मांजराचं कुणी सुतक पाळतं का? चेष्टेने नाही, समजावण्यासाठीच म्हणाले. पण अण्णा जे परत गप्प झाले ते पाहून आई घाबरली होती हे मला आठवतं. जनावराच्या दुःखाला आपल्याकडे जागा नसते. ना तेरावं, ना कुणी भेटायला येणं, ना कामावर सुट्टी. २०२३मध्ये महापालिकेने मालाडला कुत्र्या-मांजरांसाठी दहनाची सोय केली, तेव्हा ती बातमी वाचून मला फार बरं वाटलं होतं. निरोप द्यायला निदान एक जागा झाली. अण्णांच्या नशिबी तेव्हा तेवढंही नव्हतं. पुढे त्यांना मशीद बंदरला एका गोदामावर रात्रीच्या वॉचमनचं काम मिळालं. गिरणीतली कितीतरी माणसं अशीच गेटवर जाऊन बसली. तिथे त्यांना रात्री सोबत कोण होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. मामांचं वाक्य माझ्या पाठी लागलं ते बहुधा त्यामुळे.

जागरणाच्या त्या महिन्यांत आणि नंतरही मी या विषयावर मिळेल ते वाचलं. इंग्लंडमध्ये यॉर्कला १७९६ साली क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या विल्यम ट्यूकने मनोरुग्णांसाठी एक घर उघडलं. बाकी ठिकाणी माणसांना साखळदंडाने बांधून ठेवत असत त्या काळात. तिथल्या अंगणांत रुग्णांच्या सोबतीला ससे होते, कोंबड्या होत्या, समुद्रपक्षीसुद्धा होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने शुश्रूषेवरच्या तिच्या टिपणांत लिहून ठेवलंय की रुग्णाला, विशेषतः दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्याला, एखादं छोटं पाळीव जनावर ही उत्तम सोबत असते. १९६०च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या बोरिस लेव्हिन्सन या बाल-मानसतज्ज्ञाकडे कुणाशीच न बोलणारा एक मुलगा नेमलेल्या वेळेआधी आला. डॉक्टरांचा जिंगल्स नावाचा कुत्रा तेव्हा खोलीत होता. मुलगा आधी कुत्र्याकडे वळला, मग डॉक्टरांकडे. आणि १९८० साली एरिका फ्रीडमन यांनी हृदयविकारातून उठलेल्या ९२ जणांचा वर्षभराचा हिशेब मांडला: घरी जनावर असलेल्या ५३ जणांपैकी तिघे गेले, नसलेल्या ३९ जणांपैकी अकरा. कुत्रा फिरवून व्यायाम झाला म्हणून असेल म्हणावं, तर कुत्रा सोडून इतर जनावरं असलेल्यांतही तोच कल दिसला. २०१५मध्ये जपानी संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं, आई आणि बाळामध्ये वाढतं तेच. माणसांनी लहानाचे मोठे केलेले लांडगे घेऊन पाहिलं, त्यांच्यात तसं झालं नाही.

सगळे अभ्यास असं गोड बोलत नाहीत, हेही वाचलं. पुढच्या कित्येक अभ्यासांत फरक दिसला नाही. ज्याच्याकडे कुत्रा ठेवण्याइतकं घर, पैसा आणि प्रकृती असते, तो बहुतेकदा आधीपासूनच जरा बऱ्या अवस्थेत असतो, तेव्हा श्रेय कुत्र्याचं की घराचं हा प्रश्न उरतोच. शिवाय जनावर म्हणजे खर्च, काळजी, आणि शेवटी त्याचं जाणं. हे मला पटतं. पण या बहुतेक अभ्यासांतलं जनावर कुणाच्या तरी घरचं असतं, मालकाचं असतं. दिव्याच्या खोलीत पाळीप्रमाणे झोपणारा माणूस आणि दुसऱ्यांच्या आवारातला कुत्रा यांचा रकाना मला कुठे सापडला नाही. अण्णा आणि मजल्याचा बोका यांचाही नाही.

मालकाच्या रकान्यावरूनच आठवलं. मीटिंगच्या आधीच्या संक्रांतीत भुऱ्याच्या मागच्या पायावरून स्कूटर गेली. मामा आणि मी त्याला चादरीत गुंडाळून टॅक्सी शोधत उभे. दोघांनी मान हलवली, तिसऱ्याने मागच्या सीटवर पेपर पसरला आणि म्हणाला, "बैलघोडा ना? बसा." परळच्या त्या हॉस्पिटलचं पाटीवरचं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट असं आहे, पण जिथे एकोणिसाव्या शतकापासून गाडीचे बैल आणि व्हिक्टोरिया बग्गीचे घोडे नेले, त्या जागेला गिरणगावाने दिलेलं नाव आजही चालतं. रांगेत आमच्या पुढे एक पोऱ्या मांजात पंख अडकलेलं कबूतर खोक्यात घेऊन उभा होता. एक पारशी आजोबा म्हाताऱ्या डॅशहुंडला कोटाच्या आत धरून होते. सफाई खात्याच्या गणवेशातली एक बाई मांडीवर मांजरी घेऊन तिला सारखी सांगत होती, "मी आहे ना, मी आहे ना." या रांगेत कुणी कुणाला कमी लेखत नाही, हे मी मुंबईत फार कमी ठिकाणी पाहिलंय. सगळेच घाबरलेले असतात. केसपेपर करताना खिडकीतून विचारणा झाली, "मालकाचं नाव?" मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी मामांकडे. मग मामा म्हणाले, "सोसायटीचं नाव लिहा." आणि तसं लिहिलं गेलं. तो केसपेपर मी जपून ठेवला.

मीटिंगमध्ये मी तो काढला नाही, कारण समोर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बसल्या होत्या. काकूंना काही वर्षांपूर्वी दुसऱ्या गल्लीत कुत्रा चावला होता. इंजेक्शनांचा कोर्स झाला, जखम भरली. पण त्या आजही उन्हाळ्यातसुद्धा छत्री हातात घेतल्याशिवाय फिरायला उतरत नाहीत. त्या म्हणाल्या, "तो काही करत नाही हे मला माहितीये. पण त्याला बघितलं की हातपाय गार पडतात, त्याला मी काय करू?" रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्या भीतीला वेडगळ म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्यांचं मन हेही मनच आहे. कुत्र्यांवर जीव असलेली माणसं इथे फार पटकन समोरच्याला निर्दय ठरवतात, आणि त्याने कुत्र्यांचंच नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे. या शहराला हे भांडण नवं नाही. १८३२ साली कंपनी सरकारने कुत्री मारायचा हुकूम काढला तेव्हा पारशी मंडळी चिडून उठली आणि फोर्टमध्ये दंगल झाली होती.

नंतर मी काकूंकडे गेले. चहा झाला. भटक्या कुत्र्यांबद्दलच्या केंद्र सरकारच्या २०२३च्या नियमांची प्रत नेली होती, ती दोघींनी वाचली. त्यात खायला घालण्याची जागा ठरवून द्यायला सांगितलंय: मुलांच्या खेळण्यापासून दूर, जिने आणि दारं सोडून, मुलांची आणि म्हाताऱ्यांची ये-जा कमी असेल अशा वेळेला. काकूंनी चष्मा काढला आणि दोन अटी घातल्या. जागा पंपरूमच्या मागची, आणि लसीचं कार्ड नोटीस बोर्डावर. "तारीख मला दिसली पाहिजे. कुणी तोंडी सांगितलेलं नको." आता ते कार्ड बोर्डावर आहे, पुढच्या लसीच्या तारखेखाली लाल रेघ मारलेलं. ती रेघ काकूंची. छत्री अजूनही सोबत असते, आणि भुऱ्या त्या येताना दिसल्या की वाटेतून उठून बाजूला होतो. तो हे कसं शिकला मला ठाऊक नाही.

पण माझं समाधान एवढ्यावर होत नव्हतं. एका माणसाचा रात्रीचा सगळा एकटेपणा एका कुत्र्याच्या अंगावर टाकून आपण मोकळं व्हायचं, हेही बरोबर नाही. मी चेअरमनना लिहून दिलं: केबिनचा पंखा दुरुस्त करा, आठवड्याची सुट्टी द्या, महिन्याआड दिवसपाळी द्या. पंखा लगेच झाला. सुट्टीचं एजन्सीशी बोलतो म्हणाले. आणि तेवढ्यात सप्टेंबर आला. मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. मामांनी तो फोनवर पाहिला, रात्री, गेटवर. धाकट्या भावाने पाठवलेला व्हिडिओ: बांध कुठे, शेत कुठे, काही कळत नाही, नुसतं तपकिरी पाणी. काढणीला आलेलं सोयाबीन गेलं. मग दोन रात्री गावचा फोनच लागेना. मी खाली गेले तेव्हा मामा खुर्चीवर नव्हते. केबिनच्या पायरीवर बसले होते, एक हात भुऱ्याच्या मानेवर, आणि दर थोड्या वेळाने दुसऱ्या हाताने नंबर लावत होते. मी शेजारी बसले. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

माणसं सुखरूप होती. दोन शेळ्या गेल्या. सोसायटीने या वेळी घोळ न घालता पैसे जमवले आणि मामांना महिन्याची सुट्टी दिली, पगारासकट. बदली आलेला मुलगा कुत्र्यांना घाबरतो, त्यामुळे भुऱ्याचं मी बघेन म्हटलं. निघायच्या रात्री मामांनी मला पंपरूमच्या मागे नेऊन सगळं दाखवलं. पाण्याचं मडकं, ते कुठे पालथं घालायचं, कागद कुठे टाकायचे. "दूध नका घालू ताई, पोट बिघडतंय त्याचं. भाकर असली तर चांगलंच, न्हाईतर भात चालतो, पण मीठ नको. हाड तर मुळीच नको. पाऊस असला तर तो जनरेटरखाली असतो, तिथं न्या." मग ते जरा थांबले. "अन् एक. घालून तसंच वर जाऊ नका. त्याचं खाणं होईस्तोवर बसा जरा."